टिकाऊ कशाला म्हणावे?

कुंभाराकडे माठ घ्यायला गेलेली गृहिणी नुसता माठाचा रंग पाहून पैसे काढीत नाही. ती माठ उचलते, डाव्या हातावर तोलते आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारते. खणखणीत नाद आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. पितळेचे पातेले वजन पाहून घेतात, घोंगडी वीण पाहून घेतात, बैल दात पाहून घेतात. प्रत्येक वस्तूच्या पारखीची एकेक रीत अशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारातून सिद्ध झालेली आहे. मात्र गेल्या काही वर्षांत घरोघरी पोहोचलेल्या आणि माठाहून कितीतरी पट महाग असलेल्या एका वस्तूसाठी अशी रीत अजून नीटशी रूढ झालेली नाही. ती वस्तू म्हणजे स्मार्टफोन.

दुकानात दोन फोन शेजारी शेजारी मांडले जातात आणि त्यांची तुलना सुरू होते. कोणाचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, कोणाची मेमरी किती, कोणाचा पडदा किती मोठा! हे सारे आकड्यांत सांगता येते. म्हणून ते खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते. टिकाऊपणा मात्र काळ गेल्यावाचून कळत नाही, आणि विक्रेत्याला तर फोन आजच विकायचा असतो. म्हणून ‘हा फोन फार मजबूत आहे’ एवढ्या एका वाक्यावर तो विषय संपतो. मजबूत म्हणजे नेमके काय, हे विचारायचे राहूनच जाते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दोन जुने फोन समोर ठेवणे सोयीचे आहे. फिनलंडमधील नोकिया कंपनीने २००० साली ‘३३१०’ या क्रमांकाचा फोन बाजारात आणला. त्याचे वजन १३३ ग्रॅम होते. अमेरिकेतील ॲपल कंपनीने ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आपला पहिला आयफोन जगाला दाखविला. त्याचे वजन १३५ ग्रॅम होते. वजनात अवघ्या दोन ग्रॅमचा फरक. पण दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर! नोकियाच्या पडद्यावर आडवे ८४ आणि उभे ४८ एवढेच ठिपके उमटत. त्यावर बोलणे, संदेश पाठविणे आणि सापाच्या खेळासारखे मोजके खेळ खेळणे, एवढीच काय ती करमणूक. आयफोनवर चित्रे दिसत, गाणी वाजत आणि बोटाच्या स्पर्शाने सारे जग समोर सरकत येई. गुणांची बेरीज केली, तर पहिला फोन दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. तरीसुद्धा तो बारा कोटींहून अधिक लोकांच्या हाती गेला आणि ‘न फुटणारा फोन’ म्हणून आजही त्याच्या कथा सांगितल्या जातात.

त्या कथांमागे जादू नव्हती. नोकियाचे कवच प्लास्टिकचे होते आणि इवलासा पडदा त्या कवचाच्या आत सुरक्षित बसविलेला होता. फोन हातातून निसटला की झाकण एकीकडे आणि बॅटरी दुसरीकडे उडे. पाहणाऱ्याला वाटे, झाले, संपला! वस्तुतः पडण्याच्या आघाताचा बराचसा जोर त्या तुकड्यांच्या विखुरण्यातच खर्च होत असे. मालक ते तुकडे गोळा करी, जोडी आणि पुन्हा बोलू लागे.

आयफोनचा पुढचा सगळा भाग म्हणजे पडदा. जानेवारीत जो आयफोन दाखविण्यात आला, त्याचा पडदा प्लास्टिकने झाकलेला होता. परंतु जूनमध्ये विक्री सुरू होण्यापूर्वी प्लास्टिक काढून तेथे काच बसविण्यात आली, कारण प्लास्टिकवर ओरखडे फार लवकर उठतात. ही काच साधी नव्हती. कॉर्निंग या अमेरिकन कंपनीने १९६२ सालीच काच बळकट करण्याची एक रीत शोधून काढली होती. पण पुरेसे गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे ती मागे पडली होती. या रीतीत काच पोटॅशियमच्या तप्त, वितळलेल्या क्षारात बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातील सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण शिरतात. आगगाडीत तिघांच्या बाकावर तीन सडपातळ माणसे बसलेली असावीत आणि त्यांच्या जागी तीन पैलवान येऊन बसावेत, तशी काचेच्या वरच्या थरात दाटी होते. या दाटीमुळे बारीकशी चीर पडली तरी तिला रुंदावायला वाव मिळत नाही. पुढे अशीच काच ‘गोरिला ग्लास’ या नावाने अनेक कंपन्यांच्या फोनवर बसली.

मग ती फुटते कशी? येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे: कठीण आणि चिवट. फ्रेडरिक मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक श्रेणी ठरविली. तीत शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० हा क्रमांक आहे. जो पदार्थ श्रेणीत वर, तो खालच्या पदार्थावर ओरखडा काढतो. काचेचा क्रमांक सहाच्या आसपास येतो. तांब्या-पितळेची नाणी तिच्याहून पुष्कळच मऊ असतात. म्हणून खिशातील नाण्यांमुळे काचेवर ओरखडा सहसा उठत नाही. परंतु वाळूत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी सातव्या क्रमांकावर आहे. चौपाटीवरून परतलेल्या मुलाच्या खिशातील वाळूचे दोन कण जे काम करतात, ते नाण्यांच्या थैलीला जमत नाही.

कठीण वस्तू चिवट असतेच असे नाही. हिरा सर्वांत कठीण. पण हातोडीच्या घावाने तोही फुटतो. वेताची छडी नखाने ओरखडता येते. पण वाकविली म्हणून ती मोडत नाही. फोनची काच ओरखड्यांपासून वाचविण्यासाठी अधिक कठीण करावी, तर ती ठिसूळ होण्याचे भय. पडल्यावर तग धरावी म्हणून चिवट करावी, तर ओरखडे लवकर पडण्याचे भय! ॲपलने २०२० च्या आयफोन १२ मध्ये काचेत सिरॅमिकचे सूक्ष्म स्फटिक मिसळले, तेही हा तोल साधण्यासाठीच. प्रयत्न स्तुत्य आहे. पण काच ती काचच. ‘आमची काच तुटत नाही’ असे कोणी सांगितले, तर ते ऐकून घ्यावे आणि फोनला रबरी कवच चढवावे, हेच शहाणपणाचे.

नावीन्याच्या हौसेपायी कधी कधी ही साधी गोष्टही विसरली जाते. २०१९ साली सॅमसंगने पुस्तकासारखा मिटणारा गॅलक्सी फोल्ड हा फोन तयार केला. परीक्षणासाठी दिलेल्या फोनांपैकी काहींचे पडदे दोन-चार दिवसांतच बिघडले. एप्रिलमधील विक्री लांबणीवर टाकून दुरुस्ती करावी लागली आणि फोन सप्टेंबरात बाजारात आला.

पाण्याच्या बाबतीत निराळाच घोटाळा आहे. ‘आयपी ६८’ असे चिन्ह अनेक फोनांवर असते. त्यातील ६ हा अंक धुळीविषयी आणि ८ हा अंक पाण्यात बुडण्याविषयी आहे. चिन्ह एकच असल्यामुळे दोन फोन सारखेच जलरोधक असावेत, असा समज होतो. प्रत्यक्षात किती खोल आणि किती वेळ, हे कंपनीने स्वतः सांगायचे असते. आयफोन १२ साठी ॲपलने ६ मीटर आणि अर्धा तास सांगितले. गॅलक्सी एस२४ साठी सॅमसंगने दीड मीटर आणि अर्धा तास सांगितले. दोघांवरही चिन्ह ‘६८’ हेच! शिवाय ही परीक्षा गोड्या, निवळ पाण्यात होते. समुद्राच्या पाण्यात नव्हे. आणि पाणी शिरून फोन बिघडला, तर तो हमीत बसत नाही, असे बहुतेक कंपन्या बारीक अक्षरांत लिहून मोकळ्या होतात.

येथवर फोनच्या देहाचा विचार झाला. काच, पाणी, धूळ यांचीच चर्चा सगळीकडे चालते; कारण फुटलेली काच डोळ्यांना दिसते. परंतु अनेक फोन फुटण्यापूर्वीच टाकून दिले जातात. त्यांच्या अंगावर तडा नसतो. त्यांची बॅटरी थकलेली असते.

फोनमधील लिथियम-आयन बॅटरी ही मोठ्या योग्यतेची निर्मिती आहे. तिच्या संशोधकांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ती अमर नव्हे. दर वेळी भरताना आणि रिकामी होताना तिची धारणशक्ती कणाकणाने घटते. साधारण पाचशे वेळा पुरती भरून रिकामी झाल्यावर तिच्यात मूळ शक्तीच्या ८० टक्के उरावी, असे माप ॲपलने आयफोन १४ पर्यंत सांगितले; आयफोन १५ पासून ते एक हजारावर नेले. रोज एकदा भरणाऱ्याच्या हिशेबी पाचशे वेळा म्हणजे दीड वर्षाच्या आत! नोकियाच्या मालकाला याची चिंता नव्हती. नखाने झाकण उघडावे, जुनी बॅटरी काढावी, नवी घालावी. आजच्या बहुतेक फोनांत बॅटरी गोंदाने चिकटविलेली आणि काचेखाली मिटविलेली असते. जो भाग सर्वांत आधी झिजणार हे ठाऊक आहे, तोच काढायला सर्वांत अवघड करून ठेवणे, याला कौशल्य म्हणावे की आणखी काही?

कंपन्यांचे यावर उत्तर असे की, फोन पाण्यापासून वाचवायचा तर तो बंदिस्तच असला पाहिजे. उत्तर अगदीच खोटे नाही. पण ते पुरतेही नाही, आणि त्याचा पुरावा सॅमसंगनेच निर्माण करून ठेवला आहे. २०१४ साली आलेल्या गॅलक्सी एस५ या फोनचे मागचे झाकण हाताने उघडत असे, बॅटरी बदलता येत असे आणि झाकणाच्या आतील रबराच्या बारीक पट्टीमुळे तो फोन पाण्यात बुडूनही वाचत असे. मात्र त्याचे प्लास्टिकचे झाकण जखमेवरच्या पट्टीसारखे दिसते, अशी लोकांनी थट्टा केली. पुढच्याच वर्षी गॅलक्सी एस६ आला. तो पुढून-मागून काचेचा, देखणा आणि पातळ होता. त्याची बॅटरी बदलता येत नव्हती आणि गंमत अशी की, तो जलरोधकही नव्हता! रूपासाठी दोन्ही गुणांचा बळी दिला गेला. यात दोष एकट्या कंपनीचा नाही. थट्टा करणारे गिऱ्हाईकही त्यात भागीदार होते.

थकलेल्या बॅटरीचा प्रश्न २०१७ साली चव्हाट्यावर आला. बॅटरी जुनी झाल्यावर फोन अचानक बंद पडू नये म्हणून आपण काही आयफोनांची गती कमी करीत होतो, असे ॲपलने त्या वर्षी डिसेंबरात मान्य केले. लोक संतापले, कारण फोन मंद झाला, म्हणजे तो म्हातारा झाला, असे समजून कित्येकांनी नवा घेतला असणार. कंपनीने क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचा आकार ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला. ज्याला मालकाने म्हातारा ठरविले होते, तो फोन नव्या बॅटरीने पुन्हा धावू लागे.

नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथे २०१३ साली स्थापन झालेल्या फेअरफोन या छोट्या कंपनीने उलट दिशेने विचार केला. तिचे फोन स्क्रूंनी जोडलेले असतात; पडदा, कॅमेरा, बॅटरी असे भाग घरबसल्या बदलता येतात. २०१९ सालच्या फेअरफोन ३ च्या खोक्यात चार्जर नव्हता. होता तो एक लहानसा स्क्रू-ड्रायव्हर! २०२३ चा फेअरफोन ५ पावसाचे शिंतोडे सोसतो, पण पाण्यात बुडणे सोसत नाही; तो जाडसर आहे आणि रूपाच्या स्पर्धेत मागे पडतो. तरीही आठ वर्षे वापरावा अशा उद्देशाने केलेला फोन आणि तलावात पडून वाचणारा फोन यांतून निवड करायची झाली, तर पहिल्याचेच पारडे जड मानले पाहिजे. तलावात फोन क्वचित पडतो. बॅटरी मात्र प्रत्येकाची थकते.

देह धडधाकट आहे, बॅटरी नवी आहे, तरी फोन निरुपयोगी होऊ शकतो. घराचे कुलूप कितीही भक्कम असले, तरी चोर नव्या किल्ल्या घडवीतच असतात. फोनचेही तसेच आहे. त्याच्या आतील प्रणालीत सापडलेल्या उणिवा बुजविण्यासाठी कंपनीला वेळोवेळी सुधारणा पाठवाव्या लागतात. त्या थांबल्या की फोन असुरक्षित होतो आणि पुढे काही उपयुक्त ॲपेही त्यावर चालेनाशी होतात. गूगलने २०१६ च्या पहिल्या पिक्सेल फोनला सुरक्षेच्या सुधारणा तीन वर्षे देण्याचे कबूल केले होते. २०२३ च्या पिक्सेल ८ ला सात वर्षांचे वचन दिले. सॅमसंगने २०२४ च्या गॅलक्सी एस२४ ला तेच वचन दिले. वचने चांगली आहेत. परंतु वचन आणि पूर्ती यांत अंतर असते. २०१५ च्या आयफोन ६एस ला २०२१ सालची नवी प्रणाली मिळाली आणि त्याच वर्षीच्या फेअरफोन २ ला २०२३ पर्यंत सुधारणा मिळत राहिल्या. हे मात्र घडून गेलेले आहे.

आणि तो न फुटणारा नोकिया? ऑस्ट्रेलियात २०१६ ते २०१८ या काळात मोठ्या कंपन्यांनी दुसऱ्या पिढीचे दूरध्वनी-जाळे बंद केले. ३३१० ला तेवढेच जाळे ठाऊक होते. तेथील कोणाच्या खणात तो फोन अजून असेल, त्याचे कवच शाबूत असेल, बॅटरीही भरत असेल; पण त्यावरून कोणाला हाक मारता येत नाही.

कोणी म्हणेल, विज्ञान इतक्या वेगाने पुढे जात असताना जुना फोन सांभाळायचा कशाला? पहिल्या आयफोनचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा होता. तो कोणी अजून वापरीत बसला असता, तर आजच्या सुंदर छायाचित्रांना मुकला असता. हा आक्षेप रास्त आहे, आणि पहिल्या दहा वर्षांत तर तो पुष्कळच खरा होता. दर वर्षीचा फोन आदल्या वर्षीच्या फोनहून स्पष्टपणे सरस असे. पण आता तो वेग मंदावला आहे. दोन वर्षांपूर्वीच्या आणि यंदाच्या फोनने काढलेली छायाचित्रे समोर ठेवून कोणते कोणाचे, हे सामान्य माणसाला ओळखता येत नाही. मग बदल करायचा तो कशासाठी?

हा केवळ चैनीचा प्रश्न नाही. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद होत्या, तेव्हा महाराष्ट्रातील अनेक घरांत सगळ्यांत मिळून एकच फोन होता. तोच वडिलांच्या कामाचा, तोच दोन-तीन भावंडांच्या वर्गाचा. अशा घरात पडदा फुटला किंवा बॅटरी फुगली, तर वर्गाचे दारच बंद होई. तालुक्याच्या बाजारात टेबलावर दिवा लावून, डोळ्यांना भिंग लावून बसलेला दुरुस्तीवाला कारागीर त्या घराला जितका मोलाचा होता, तितका कोणताही नवा कॅमेरा नव्हता. पण त्या कारागिराला कंपनीचे सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि जे मिळतात, ते बसवावे तर काही फोन ते स्वीकारत नाहीत. दुसरीकडे, जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन विद्युत्‌-कचरा साठला आणि त्यातील चौथ्या हिश्श्याहूनही कमी कचरा रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आला, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो.

म्हणूनच टिकाऊपणाचे मापन आता सरकारांनी हाती घेतले, हे योग्य झाले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनच्या बॅटरीने आठशे वेळा भरून रिकामी झाल्यावरही ८० टक्के शक्ती राखली पाहिजे, विक्री थांबल्यावर सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि पाच वर्षे सुधारणा मिळाल्या पाहिजेत, असा नियम लागू झाला. फोन वारंवार पाडून त्याची परीक्षा होते आणि पडणे सोसण्याची व दुरुस्तीची प्रतवारी अ, आ, इ यांसारख्या त्यांच्या अक्षरांत खोक्याबरोबरच्या पत्रकावर छापली जाते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि २०२४ साली फोनसारख्या वस्तूंना दुरुस्तीयोग्यतेचे गुण कसे द्यावेत, हे ठरविण्याचे काम आणखी एका समितीकडे सोपविले.

युरोपीय पत्रकात एक उणीव मात्र राहिली आहे. सुट्या भागांची किंमत दुरुस्तीच्या प्रतवारीत धरलेली नाही. नवा पडदा मिळतो खरा, पण तो फोनच्या निम्म्या मोलाचा असेल तर तो घेणार कोण? फ्रान्सने २०२१ पासून फोनवर दुरुस्तीचे दहापैकी गुण छापण्याची सक्ती केली, तेव्हा त्या गुणांत सुट्या भागांची किंमतही जमेस धरली होती. दुकानात गेलेल्या ग्राहकाने मेगापिक्सेल विचारण्याआधी ‘याची नवी बॅटरी केवढ्याला पडते आणि किती दिवसांत बसवून मिळते?’ एवढे विचारले, तर पुष्कळ विक्रेत्यांना अजूनही आत जाऊन कोणाला तरी विचारून यावे लागेल.